सिस्टर आणि हेडसेटमधले आजोबा

सिस्टरच्या तोंडून वाईट बातमी म्हणून कधी बाहेर पडली नाही. वेल्ह्याची एसटी रद्द झाल्याचं ठाऊक असलं, तरी स्टँडवरच्या म्हातारीला ती म्हणायची, "येईल की मावशी, बसा सावलीला." आणि मग स्वतःच तिच्यासाठी टेम्पो शोधत हिंडायची. कापूरहोळच्या ज्या दवाखान्यात ती कामाला होती, तिथले पेशंट तिच्यावर जीव टाकायचे ते यामुळेच.

नर्सिंग झालेल्या मुलींना मी वेल्ह्याच्या बाजारातल्या एका खोलीत जर्मन शिकवते. पुस्तक कमी, हेडसेट जास्त. तो डोळ्यांवर चढवला की समोर जर्मनीतलं दुकान, घर, दवाखाना उभा राहतो. माणसं जर्मनमध्ये विचारतात, आपण उत्तर द्यायचं. सुट्टीच्या दिवशी सिस्टर डोंगरावरच्या धनगरवस्तीवरून चालत उतरून यायची. पहिल्या दिवशी हेडसेटमधल्या घरात शिरताना तिने पायातल्या खऱ्या चपला काढल्या. मुली फिदीफिदी हसल्या. "हसा गं," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात तशीच शिरू व्हय?" भाषा मात्र तिने झपाट्याने उचलली. शेरडांमागे आयुष्य काढायचं नाही, जर्मनीच्या वृद्धाश्रमात नोकरी करायची, हे तिचं पक्कं होतं.

शेवटच्या धड्यात घोडं अडलं. वॉर्डात एक आजोबा खाटेवर पडलेले. ते विचारतात, "मी बरा होणार का?" उत्तर ठरलेलं: नाही, आता बरं होणं शक्य नाही, पण तुम्हाला त्रास होऊ देणार नाही. सिस्टर दर वेळी सुरेख जर्मनमध्ये सांगायची, "व्हाल की! लवकर घरी जाल." की माझ्यासमोरच्या पडद्यावर लाल फुली. हा धडा पार पडल्याशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय जर्मनी नाही.

कपाळ माझं! मी तापट बाई, एकदा ओरडलेच. "अगं, तिकडे खोटं बोललीस तर नोकरी जाईल! आणि तो माणूस नाही, चित्र आहे चित्र!"

"चित्र असलं म्हनून काय झालं मॅडम? ईचारतंय की ते. त्याच्या तोंडावर कसं म्हनायचं, तू मरनार?"

त्याच सुमारास तिची आई आजारी पडली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सिस्टर यायची बंद झाली आणि आई गेल्याचंच कानावर आलं.

तेरावं झाल्यावर ती आली. चेहरा पार उतरलेला. मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगू लागली. "आईनं ईचारलं, बरी व्हईन का गं? म्या म्हनलं, व्हशील की. मग ती म्हनली, बरी झाल्यावरच बोलवू धाकलीला, आत्ता कशाला तिचं हाल? म्या गपच बसले. धाकली कोकणातनं आली तवा राख सावडायची तेवढी ऱ्हायली हुती. खरं सांगितलं असतं तर आईला लेक दिसली असती, मॅडम."

तिने हेडसेट मागितला. आजोबांनी विचारलं आणि तिने सांगितलं. सावकाश, स्पष्ट, एकही चूक नाही. पडद्यावर हिरवी खूण आली. जिच्यासाठी मी तिच्यावर इतकी ओरडले, ती खूण पाहून मला माझीच लाज वाटली.

धडा संपला होता. पण सिस्टरने पुढे जर्मनमध्येच विचारलं, "कुणाला बोलावू?" हे वाक्य धड्यात नव्हतं, मी शिकवलेलंही नव्हतं. आजोबांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि पुन्हा तेच विचारलं, मी बरा होणार का?

त्याच महिन्यात तिला दाखला मिळाला आणि ती गेली. आता तिकडच्या म्हाताऱ्यांजवळ बसत असेल. मला आठवते ती मात्र त्या धड्याच्या दुपारची.

"मॅडम, ह्याचं कुनीच न्हाई का?" तिने हेडसेटच्या आतून विचारलं.

"नाही गं."

तिने हेडसेट काढला नाही. पायाने चाचपडत स्टूल पुढे ओढलं, त्यावर बसली आणि समोरच्या रिकाम्या हवेत हात धरून राहिली.