चाल पारंपरिक

एका नामांकित गायिकेच्या लहानपणच्या कॅसेटी आता फोनवर ऐकायला मिळतात. कंपनीनं त्यांची खरखर काढून टाकली आणि वर जुनाच फोटो लावला: दोन वेण्या, लाल रिबिनी, खाली ‘बालगायिका’. बँकेतल्या एका मैत्रिणीनं मला त्यातलं पहिलंच गाणं पाठवलं आणि सोबत लिहिलं, ‘काय देवाघरचा गळा!’ गळा असेल देवाघरचा. गाणं मात्र हुबळीच्या रेल्वे क्वार्टर्समधलं होतं, आमच्या घरातलं.

माझी आई मराठी शाळेत गाणं शिकवायची आणि वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. ही मुलगी दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्यांची. प्रार्थनेच्या वेळी आईनं तिचा आवाज ऐकला आणि घरी निरोप धाडला की हिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. ती यायला लागली. खांद्याला पाण्याची बाटली असायची. तिला बाहेरचं पाणी सोसत नाही, असं तिच्या आईचं म्हणणं. आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्या पेठेला माहीत होतं. आमचं पाणी सोसत नव्हतं, आमच्या आईचं फुकटचं गाणं तेवढं सोसायचं. मी तेव्हाही धुसफुसायचे. आई म्हणायची, “पोरीचा गळा बघ की. बाटलीचं काय घेऊन बसलीस?”

कॅसेटमधलं ते पहिलं गाणं म्हणजे आईच्या आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या. त्यांना चाल लावली आईनं. आईला लहानपणापासून दमा. जिनिंग फॅक्टरीच्या शेजारी वाढलेली, कापसाची धूळ खात. त्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत तिचा श्वास संपायचा. मग ती शब्द मध्येच तोडायची, थांबायची, श्वास घ्यायची आणि उरलेला अर्धा शब्द म्हणायची. मुलीनं हे सगळं जसंच्या तसं उचललं. आई तिला बजावायची, “अगं, तिथं थांबायचं नसतं. मला दम लागतो म्हणून मी थांबते. तुला काय झालंय?” पण पोरीला ती ओळ दुसरी कशी म्हणायची तेच कळेना. शेवटी आईनं नाद सोडला.

रेकॉर्डिंगला मुलीचे वडील तिला पुण्याला घेऊन गेले. आईला कुणी विचारलं नाही. कॅसेट बाजारात आली तेव्हा आईनं विकत आणली आणि आम्ही सगळे ऐकायला बसलो. तो अर्धा शब्द आला तसा आईनं कपाळावर हात मारला आणि खूप हसली. मग चष्मा लावून आतला कागद वाचायला घेतला. तबला अमुक, बासरी तमुक, संयोजन आणखी कुणाचं. आणि चाल? पारंपरिक. माझी आई चाळिशीच्या आतच परंपरेत जमा झाली.

कॅसेट खपली आणि वडिलांनी मुलीला धारवाडच्या एका थोर बुवांकडे घातलं. आमच्याकडे येणं बंद झालं. गरज सरो, वैद्य मरो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बुवांचं नाव निघालं की ती डोळे मिटते आणि कानाच्या पाळीला हात लावते. आपल्याकडे गवई गुरूचं नाव असंच घेतात. तिची मुलाखत टीव्हीवर लागली की आई स्वयंपाक टाकून येऊन बसायची. “आता लहानपणाचं विचारतील बघ,” म्हणायची. विचारायचेही. “लहानपणी मी अशीच गुणगुणायचे,” असं ती सांगायची आणि लगेच बुवांवर यायची. आई उठून परत कणकेला लागायची. मला तिच्या त्या आशेचा संताप यायचा.

त्यात ती अर्ध्या शब्दावरची जागा गाजली. जाणकारांनी तिच्यावर लेख लिहिले. टीव्हीच्या स्पर्धेत आठ-दहा वर्षांची पोरं ते गाणं म्हणतात, नेमका तिथंच शब्द तोडतात, नेमका तिथंच श्वास घेतात, आणि परीक्षक खुर्चीतून उठून उभे राहतात. आईचा दमा असा घरोघरी पोचला आहे.

गेल्या हिवाळ्यात धारवाडला त्या जुन्या गाण्यांचा सोहळा झाला. गाणं नव्हतं, नुसती मुलाखत आणि मधून मधून गाणी ऐकवणं. आईनं ऐंशी ओलांडली आहे. मी नको म्हणत होते, ती ऐकेना. पर्समध्ये दम्याचा पंप टाकला, आम्ही बसनं गेलो. मुलाखत घेणाऱ्यानं ते गाणं लावलं, ती जागा आली तसं थांबवलं आणि विचारलं, “एवढ्याशा वयात हे कुठून आलं?”

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. गायिकेनं डोळे मिटले, कानाला हात लावला आणि म्हणाली, “बुवांची देणगी.” अहो, बुवांचं तोंड तिनं पाहिलं ते कॅसेट निघाल्यावर. पण टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनं माझं मनगट सोडलं आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर आई हट्टानं आतल्या खोलीत गेली, मागोमाग मी. गायिकेनं आईला पाहिलं, “बाई!” म्हणाली आणि सगळ्यांदेखत वाकून पाया पडली. मग भोवतीच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, एवढं मी कबूल करते. आईनं आडवळण घेतलं नाही. “माझं नाव का घेत नाहीस गं?”

तिनं आईचे दोन्ही हात हातांत घेतले. “बाई, पहिल्यांदा बाबांनी घेऊ दिलं नाही. मग राहूनच गेलं. आता घेतलं तर लोक म्हणतील, इतकी वर्षं का नाही घेतलं?”

“ते खरं आहे,” आई म्हणाली. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बसमध्ये मी आईला वाटेल ते बोलले. तिची बाजू घेतेस, लाज वाटत नाही का, असंही म्हणाले. आई खिडकीतून बाहेर बघत होती. “तिला अडचण आहे,” एवढंच म्हणाली.

महिन्याभरानं एका कन्नड पेपरच्या बातमीदाराचा फोन आला. आईच्या शाळेतल्या कुणा जुन्या विद्यार्थ्यानं त्याला नंबर दिला होता. फोन स्पीकरवर होता. “नमस्काररी अक्कोर,” तो अदबीनं म्हणाला. आमच्याकडे शिक्षिकेला अशीच हाक मारतात. ती गायिका लहानपणी तुमच्याकडे शिकत होती असं ऐकलं, खरं का, असं त्यानं विचारलं. जन्मभर आई ज्याची वाट बघत होती तो प्रश्न एकदाचा घरी चालत आला होता. मी हातातलं काम टाकून तिच्यासमोर येऊन उभी राहिले.

“इल्लप्पा,” आई म्हणाली. “आकी नन्न कडे कलतिल्ल.” नाही बाबा, ती माझ्याकडे शिकलेली नाही.

तिनं फोन ठेवला. त्याच नंबरवर परत लावायला मी तो उचलला, तर तिनं माझ्या हातातून काढून घेतला. मी ओरडले, की खरं सांगायला तुझी कसली अडचण?

“इतकी वर्षं मी तरी कुठं सांगितलं?” आई म्हणाली. “आता सांगितलं तर खोटी मी ठरेन. ती नाही.”