तिसरा पुकारा

"नेट गेलं वाटतं," म्हणत यजमानानं लॅपटॉप मिटला. कुठलं गेलं होतं? मिटेपर्यंत पडद्यावरून पूजा सांगणारे पुण्याचे गुरुजी डोळे वटारून माझ्याकडेच बघत होते.

कतारला, दोह्यातल्या अल थुमामा भागात, माझ्या मुलाच्या बॉसच्या घरचा गणपती. मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश, म्हणून पूजेचा मान मला. "जज्जसाहेब, या, या!" पाटावर बसवलं. गुरुजींनी संकल्पासाठी गोत्र विचारलं. मी पडद्याकडं पाहिलं. "माहीत नसेल तर काश्यप म्हणा."

जन्मभर लोकांना शपथेवर खरं बोलायला लावलं. आता मीच खोटं बोलू? म्हटलं, "आम्ही मांग. आम्हाला गोत्र नाही."

आणि नेट गेलं.

"साहेब, तुम्ही सोफ्यावर बसा आरामात. गुडघे दुखतील." माझे गुडघे ठणठणीत आहेत हो! तरी उठलो. मेली जुनी सवय. पाटावर दुसरा बसला आणि नेट आलं.

सोफ्यावर टेकलो आणि माझे वडील दिसले. आबा. नेहमी दिसतात. तालुक्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली उभे. गावातल्या बड्यानं आमचं घर पाडलं, त्याचा दावा होता. शिपाई म्हणाला, "तिकडं लांब ऱ्हा. पायरीला शिवू नको." आणि आत जाऊन, बाहेर ऐकू जाणार नाही असा पुटपुटत तीनदा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस नाही, म्हणून दावा काढून टाकला. गैरहजर! आबा मरेपर्यंत म्हणायचे, "आरं, म्या हुतो की रं तितं."

पुढं माझ्या कोर्टातला पुकारा रस्त्यापर्यंत जायचा. शिपाई वैतागायचे. तरी आबांचा आवाज कानातून गेला नाही. इथं एसीच्या घरघरीतही येतो.

माझा चेहरा बघून शेजारी बसलेला मुलगा कुजबुजला, "बाबा, प्लीज. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. खलास करा विषय." पोटचं पोर. जीव तुटला माझा. पण आता यालाही लिंबाखाली उभं करायचं?

उठलो. पाटाजवळ गेलो. खणखणीत आवाजात आबांचं पूर्ण नाव पुकारलं. तीनदा. आरतीचे टाळ थांबले.

"हजर आहेत," मीच म्हणालो. "आणि नेट गेलं नव्हतं."

"साहेब, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"काही गैरसमज नाही."

प्रसाद न घेता निघालो. मुलगा मागून येतोय का, वळून पाहिलं नाही. त्याची नोकरी जाईल कदाचित. मला शिव्या देईल. देऊ दे. यापुढं कुणी उठ म्हणालं म्हणून मी उठणार नाही.