ऑर्व्हलमामाचा पाना

नॉर्थ कॅरोलायनातल्या मोटार शर्यतींच्या एका अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ऑर्व्हल टॅकेटच्या पान्याला मोठा मान होता. गाडी वळणावर मागून घसरायला लागली, की तो मागच्या काचेतल्या भोकातून लांब दांड्याचा पाना आत घालायचा, डाव्या स्प्रिंगवरचा स्क्रू अर्धा आटा आवळायचा, आणि गाडी शहाण्यासारखी वळायची. निदान लोक तसं सांगायचे.

खरं म्हणजे गाडी तो शुक्रवारीच आपल्या शेडमध्ये नीट लावून ठेवायचा. शनिवारी तक्रार करायचा त्याचा भाचा क्लीट, कारण तक्रार केल्याशिवाय त्याला शर्यतीत गाडी चालवताच येत नसे. मग ऑर्व्हल पाना आत घालून नुसता खडखडवायचा, आणि क्लीट दोन वळणांत खूश. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मामाच्या हाताला गुण आहे, असं भाचा गावभर सांगत फिरायचा.

यंदा मात्र क्लीटच्या मनात लॅपटॉपवाला एक इंजिनिअर भरला होता. मोसमाची शेवटची शर्यत हरलो तर मामाला घरी बसवायचं, हे त्याने आडून आडून सांगूनही टाकलं. आणि नेमकी त्या शर्यतीच्याच शनिवारी गाडी खरोखर घसरायला लागली. नव्या टायरांनी घात केला होता. ऑर्व्हलने बारा वर्षांत पहिल्यांदाच शनिवारी स्क्रू खराखुरा फिरवला, चांगला एक आटा. सरावात गाडी फेरीमागे तीन दशांश सेकंदांनी वेगवान झाली.

क्लीट तोंड वाकडं करून परत आला.

"मामा, आज हात चालला नाही तुझा. गाडी परकी वाटतेय. होती तशी कर."

"अरे, घड्याळ तरी बघ."

"गाडी मी चालवतो का घड्याळ?"

ऑर्व्हलने पाना आत घातला, मनसोक्त खडखडवला आणि स्क्रूला न शिवता बाहेर काढला. क्लीट शर्यत जिंकला.

करंडक हातात घेऊन त्याने चारचौघांत सांगितलं, की मामाची चूक वेळेवर आपल्या लक्षात आली म्हणून वाचलो. ऑर्व्हलला ते फार लागलं. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर मागची बारा वर्षंही सांगावी लागली असती.

मग क्लीट जवळ आला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "इंजिनिअर नको आता. गाडी कशी लावायची ते पुढच्या मोसमात मीच सांगेन. तू नुसता पाना फिरव."

"बरं," ऑर्व्हल पाना पुसत म्हणाला. "किती फिरवायचा तेवढं सांगत जा."