खुंटीवरची माळ

शेपूची भाजी, दुधी भोपळा आणि शिजत्या मटणाचा वास, या तीन गोष्टी मला लहानपणी अजिबात सोसत नसत. पहिल्या दोहोंबद्दल कुणी मला विचारलं नाही. ताटात पडलं की गिळायचं. तिसरीतून सुटायला मात्र वाट होती, आणि ती वाट माझ्या आईच्या गळ्यात होती.

आई माळकरी होती. माझ्या जन्माच्या आधीपासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. म्हणजे मटण, मासे, अंडं खायचं नाही, शिजवायचं नाही, त्या भांड्याला हातसुद्धा लावायचा नाही. वडील खाणारे. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात अशी निम्मी इकडची, निम्मी तिकडची घरं पुष्कळ होती आणि त्यांचा रिवाज ठरलेला होता. मटण आणलं की अंगणात तीन दगडांची चूल मांडून ते पुरुषांनीच शिजवायचं. त्याची पातेली, पळी, ताटं वेगळी असत. ती गोठ्यातल्या फळीवर राहत, घरात येत नसत. त्या दिवशी आई आत चुलीपाशी बसून स्वतःपुरती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची.

नवव्या वर्षी मी हट्ट धरला की मलाही माळ पाहिजे. गावच्या सप्ताहात कीर्तनाला शेजारच्या गावचे बुवा आले होते, त्यांनी ती घातली. लोक म्हणाले, पोरगी देवाची आहे. खरं सांगायचं तर देवाशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं. मला आईजवळ आत बसायचं होतं. एरवी आई सगळ्या घराची असायची. मटणाच्या दिवशी ती एकटी माझी असायची. आम्ही दोघी एका ताटात खायचो आणि बाहेर हाडं चघळणाऱ्यांची चेष्टा करायचो.

सगळ्यात जास्त चेष्टा मामाची. मामाही माळकरी, पण जत्रेचा दिवस आला की तो माळ काढून खुंटीला अडकवायचा, पोटभर मटण खायचा आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून माळ पुन्हा गळ्यात घालायचा. आमच्यात असं चालत नाही. एकदा उतरवलेली माळ गेली. ती पुन्हा बुवांच्या हातूनच घ्यावी लागते. आई मामाला तोंडावर ‘खुंटीचा माळकरी’ म्हणायची. मामा हसायचा, पण त्याला ते लागायचं. मला आईचा फार अभिमान वाटायचा.

बाहत्तर सालच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आमच्या दोन्ही गाई चाऱ्याच्या छावणीवर गेल्या आणि घरातलं दूध संपलं. वडील खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला. त्याची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर मोडायची आणि घशात अडकायची. अमेरिकेत हा मिलो डुकरांना घालतात, असं गावात बोललं जायचं. तेलात कसली तरी चरबी असते, दुधाच्या भुकटीत हाडांचं पीठ असतं, रोज नवी बातमी. बाकीचे ऐकायचे आणि खायचे. मी ऐकायचे आणि खाणं सोडायचे. पाव नको, बिस्कीट नको, दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा नको. गळ्यातल्या माळेला हात लावून मी असा काही नकार द्यायचे की समोरच्याने शरमून जावं.

त्या हिवाळ्यात मी शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळले. पांढरीफटक पडले होते, पाय सुजले होते, चार पावलं चाललं की धाप लागायची. आई मला एसटीने नगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्याच्या पापण्या ओढून बघितल्या आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून आईशी बोलले. आई बाहेर आली. मी विचारलं, “काय म्हनले?”

“रक्त कमी हाय म्हनले. ताकदीची पूड दिलीय, पिठात घालून खायची.”

तेव्हापासून माझे धपाटे वेगळे झाले. सगळ्यांना मिलोची भाकरी आणि मला मिलोच्याच पिठाचे धपाटे, पण त्यात लसूण, ओवा, हिंग आणि ती औषधाची पूड. आई ते दुपारी, मी शाळेत असताना करून ठेवायची. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, अशी तिची ताकीद होती. ते धपाटे चिरत नव्हते, मोडत नव्हते, दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचे. मिलोचं पीठ असं वागतंय म्हटल्यावर मी शाळेत सांगत सुटले की माझ्या आईच्या हाताला गुण आहे. महिन्या-दीड महिन्यात पायाची सूज उतरली. गालावर रंग आला. मी मैत्रिणींना म्हणायचे, बघा, माळकऱ्याचं अन्न अंगाला लागतं.

शाळेत त्याच सुमाराला सुकडी वाटायला लागले. तपकिरी, गोड, भुरभुरीत पीठ. पोरं ते तळहातावर घेऊन जिभेने चाटायची. वाटायचं काम आमच्या बाईंकडे होतं. बाई ख्रिस्ती होत्या, नगरकडच्या. गावाच्या टोकाला दोन खोल्यांत राहायच्या आणि पाच-सहा कोंबड्या पाळायच्या. त्या कोंबड्यांवरूनच माझ्या डोक्यात शिरलं की सुकडीत अंडं असणार. मी नुसती स्वतः खाल्ली नाही असं नाही, वर्गातल्या माळकरी घरच्या आणखी पाच मुलींना खाऊ दिली नाही. दुष्काळात पाच मुली माझ्यामुळे आठवडाभर उपाशी घरी गेल्या. हे लिहिताना आजही मला स्वतःची चीड येते.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला पुढे बोलावलं. “यात अंडं हाय असं कोन म्हनलं?”

“मी.”

“तुला कसं कळलं?”

“मला वासावरनं कळतं, बाई. मी माळकरी हाय.”

बाईंनी वाटायचं थांबवलं. मग म्हणाल्या, “घरी काय खातीस तू?”

“धपाटे. आई करती.”

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या पाच मुलींना जवळ बसवून त्यांनी स्वतः सुकडीची मूठ तोंडात टाकली आणि हळू आवाजात समजावलं की यात भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल आहे, दुसरं काही नाही. मुलींनी खाल्ली. मी नाक वर करून घरी गेले. मला वाटलं, बाईंची चोरी पकडली म्हणून त्या गप्प बसल्या.

पुढच्याच आठवड्यात मास्तर आणि बाई दोघांनाही तालुक्याला बैठक होती, म्हणून शाळा मधेच सुटली. मी भर दुपारी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा मला दिसली ती खुंटीला अडकवलेली माळ. मामा आला असेल असंच वाटलं. मग आई दिसली. ती परातीसमोर बसली होती, तिचा गळा उघडा होता, परातीत मिलोचं पीठ होतं, आणि परातीच्या कडेवर आपटून ती त्यात अंडं फोडत होती. शेजारी आधीच्या अंड्याचं टरफल पडलं होतं.

आई दचकली नाही. तिने ते अंडं पिठात पूर्ण सोडलं, टरफल बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आलीस व्हय लवकर.”

“कवापासून?” मी विचारलं.

“दवाखान्यातनं आल्यापासून. डाक्टर म्हनले, दूध नाय तर अंडी तरी द्या, न्हाईतर पोरगी हाताला लागायची न्हाई.”

“आन मला सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?”

“न्हाई.”

“मग?”

“मेले असते तरी चाललं असतं.”

“तुला चाललं असतं,” आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

मला ओकारी यायला हवी होती, पण आली नाही. तेच मला जास्त लागलं. दोन महिने मी सगळ्या जगाचं अन्न हुंगत फिरले, बाईंवर आळ घेतला, मैत्रिणींना उपाशी ठेवलं, आणि दिव्याखाली अंधार तसा माझ्याच ताटात हा प्रकार होता. जिच्यासाठी मी माळ घातली होती तिनेच माझा केसाने गळा कापला होता. मी खुंटीकडे बोट करून तिला म्हणाले, “खुंटीची माळकरीण.”

आईचे हात परातीत थांबले. थोड्या वेळाने पुन्हा मळू लागली आणि सगळे धपाटे नेहमीसारखे भाजून तिने टोपलीत ठेवले. मी त्यांना शिवले नाही. वडील घरी आल्यावर त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “आता कळलं व्हय तुला.” म्हणजे त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या काकूलाही ठाऊक होतं. मी ताटावर बसून माळेचे गुण गायचे तेव्हा हे सगळे एकमेकांकडे बघत असणार, या विचाराने मी आतून जळून गेले. अंडी बाईंकडून येत होती, हेही तेव्हाच कळलं. “बाई पहिल्या दिवसापासून म्हनत हुत्या, पोरीला खरं सांगा,” आई म्हणाली. “मीच ऐकलं न्हाई.” म्हणजे साऱ्या गावात माझ्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, आणि मी त्याच माणसाला चोर ठरवलं होतं. बाईंची माफी मागायला मला वर्ष लागलं.

वडील आम्हा दोघींना बुवांकडे घेऊन गेले. बुवा साधे होते, शेतकरीच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले की अजाणता पोटात गेलेल्याचा दोष नाही, तुझी माळ आहे तशीच आहे. आईला म्हणाले, “तुमची गेली. पन एकादशीला या, मी परत घालतो. फक्त परत असं करनार न्हाई एवढा शब्द द्या.”

आई खाली मान घालून बसली होती. मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. शब्दच तर द्यायचा होता. ती म्हणाली, “त्यो शब्द मला देता यायचा न्हाई, बुवा. परत तशीच येळ आली तर मी परत त्येच करनार.”

बुवांनी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. मग ती उठली, पाया पडली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. चौदा वर्षांची माळ तिने अशी सोडली आणि पुढे मरेपर्यंत घातली नाही. आज मला त्या उत्तरासाठी तिला नमस्कार करावासा वाटतो. त्या दिवशी मला त्यातलं एकच ऐकू आलं, की ही मला पुन्हा फसवणार आहे. हिने माझ्यादेखत, बुवांच्यासमोर तसं कबूल केलं आहे.

म्हणून मी पहारा सुरू केला. माझं पीठ मी स्वतः चाळून द्यायचे. आई मळायला बसली की मी परातीसमोर बसायचे आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत उठायचे नाही. ताटात आलेली भाकरी मोडून, उलटीसुलटी करून मग खायचे. पुढे गाई छावणीवरून परत आल्या, दूध सुरू झालं, अंड्याची गरजच उरली नाही, तरी माझं बसणं सुटलं नाही. मटणाच्या दिवशी आई आता आतही बसायची नाही. माळ नाही म्हटल्यावर बाहेर बसून ती सगळ्यांना वाढायची, खायची मात्र नाही. आत चुलीपाशी मी एकटीच माझी माळ सांभाळत जेवायचे. तिने एकदाही मला ऊठ म्हटलं नाही, की पुरे झालं आता असं म्हटलं नाही. एकदा म्हणाली असती तर मी बहुतेक उठले असते.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये मला आठवीला नगरच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं. बाईंनीच ओळख काढून सोय केली होती. फाट्यावर एसटीची वाट बघत आई, बाई आणि मी उभ्या होतो. आईच्या हातात शिदोरीचं फडकं होतं. त्या दिवशी घरात इतकी धांदल होती की शिदोरी करताना मला परातीसमोर बसायला मिळालं नव्हतं. हे माझ्या मनात होतंच, पण बाईंच्या देखत मी काही बोलले नाही.

गाडी लांबून दिसली तशी आई रस्त्याच्या कडेला खाली बसली. तिने फडक्याची गाठ सोडली. आत गुळाच्या दशम्या होत्या. तिने पहिली दशमी उचलून मधोमध मोडली आणि दोन्ही तुकडे माझ्यासमोर धरले. मग दुसरी मोडली, मग तिसरी. बाई तोंड फिरवून दुसरीकडे बघायला लागल्या.

“बघून घे,” आई म्हणाली. “न्हाईतर तिथं गेल्यावर उपाशी ऱ्हाशील.”

मी राहू दे म्हणायला हवं होतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि एकेक तुकडा हातात घेऊन बघितला.