न घडवलेला म्हातारा

हसणार असाल तर खुशाल हसा, पण माझ्या धंद्याला नावं ठेवू नका. पडलेल्या घरांचे खांब, दारं, कोरीव पट्ट्या विकत घ्यायच्या आणि नव्या घरांना विकायच्या, हा माझा धंदा. पंचवीस वर्षं झाली. ज्या दारांतून तिरड्या बाहेर पडल्या ती दारं मी याच हातांनी टेम्पोत चढवली आहेत. एकाही लाकडानं मला कधी त्रास दिला नाही. त्यामुळे भूतबीत, बाधाबिधा यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही ठेवायची इच्छा नाही.

तरी लिहितोय, कारण डोकं फिरलंय. रत्नागिरीत गेले काही महिने बोललं जातंय की माझ्या हॉलमधली लाकडी बाई पाहुण्यांना बसू देत नाही. साफ खोटं! पाहुणे उठतात, हे खरं आहे. बाईचा त्याच्याशी संबंध नाही.

नीट सांगतो. मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, मी जांभ्याचं घर बांधलं. हॉल मुद्दाम मोठा ठेवला. गिऱ्हाईक गोडाऊनमधली धूळ बघून भाव पाडतं; तीच वस्तू घरात, चांगल्या उजेडात उभी केली की त्याचं तोंड बंद होतं. दारातून आत आलं की डावीकडे फणसाच्या लाकडाची बाई, हातात चवरी. संगमेश्वराकडच्या एका पडक्या घरातून आणलेली. लोक विकत मागतात, मी देत नाही.

पण सगळंच जुनं ठेवलं तर घराचं गोडाऊन होतं. म्हणून तिच्यासमोर, खिडकीखाली, काहीतरी आजच्या पद्धतीचं हवं होतं. आमच्या एमआयडीसीत तन्वी नावाची एक मुलगी शेड भाड्यानं घेऊन लोखंडाची शिल्पं करते. मुंबईला शिकून आलेली. तिनं मला एक चित्र दाखवलं... पत्र्याचा बाक, त्यावर एका टोकाला म्हातारी, दुसऱ्या टोकाला म्हातारा. माणसाएवढी. भाव ऐकून मी उठलोच.

"म्हातारा काढून टाक," मी म्हटलं. "एकटी म्हातारी दे, निम्म्या किमतीत."

"काका, ती जोडी आहे. ती त्याच्याकडे बघून बोलतेय."

"मग बघू दे बाकाकडे. लोकांना बसायला जागा होईल."

तिनं चित्र बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पण म्हातारीची मान मी फिरवणार नाही." मला काय फरक पडत होता? कोरा पत्रा माझ्यासमोर कापला, माझ्यासमोर वेल्डिंग झालं. बिल माझ्याकडे आहे. त्या वस्तूला आदलं आयुष्य नाही, हे मी कोर्टात सांगेन.

बाक घरी आल्यावर त्यावरून पहिले उठले ते दापोलीचे दळवी. होमस्टे बांधतायत, सोळा खांबांची बोलणी चालू होती. दुपारचे चार, सुलभा, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आलेली. दळवी बाकाच्या रिकाम्या टोकाला बसून माझ्याशी घासाघीस करत होते. मधेच ते उठले, बाजूला सरकले आणि मान लववून म्हणाले, "या, या... बसा ना." मग उभ्यानंच चहा प्यायले.

"कोणाला म्हणताय?" मी विचारलं.

दळवींनी बाकाकडे पाहिलं. कप टेबलावर ठेवला. "कोणीतरी आलं ना आत्ता?"

समोर बघतात तर लाकडी बाई. झालं! खांबांचं बोलणं तिथंच थांबलं.

मग वीज मीटरचं रीडिंग घेणारा उठला. सुलभाच्या भिशीतल्या दोघी उठल्या, तीन दिवसांच्या अंतरानं, आणि दोघीही पदर सारखा करून. सोफ्यावर, खुर्च्यांवर बसणाऱ्यांना मात्र काहीही होत नव्हतं.

सावर्ड्याहून माझा मेहुणा आला. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. तो मुद्दाम बाकावर बसला आणि दहा मिनिटांत उठून उभा! वर मलाच म्हणतो, "भावोजी, ती बाई खाडीत सोडा. कोणाच्या घरातलं काय उचलून आणता, काय नाय... जुन्या लाकडात माणसं राहतात."

"आणि नव्या पत्र्यात?"

"नव्यात कोण कशाला राहील?"

"अरे, मग तू उठलास कुठून? बाईच्या मांडीवरून?"

सुलभा हसली, पण त्याच्यासारखंच बोलू लागली. मी संतापून बाईला गोणपाटात गुंडाळलं आणि गोडाऊनला नेऊन ठेवलं. दुसऱ्याच दिवशी कुरिअरवाला बाकावरून उठला. "बसा आजोबा," म्हणाला. आजोबा! मी मेहुण्याला तिथल्या तिथे फोन लावला. तर म्हणतो, "तिची सावली मागं राहिली असंल." आता या माणसाशी काय बोलायचं?

सुलभाला विचारलं, तुला कधी उठावंसं वाटलं का? ती म्हणाली, "मला वेगळं काय कळणार? तुम्ही आलात की मी उठतेच."

शेवटी मी स्वतः बसायचं ठरवलं. एक सांगतो. ऐन विशीत मी लोकांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, तास-तास उभा राहिलोय. बस म्हणणारं घर क्वचित. पुढे चार पैसे मिळवले तेव्हा ठरवलं, की आता कोणासाठी उठायचं नाही. बँकेचा मॅनेजर येवो, पुढारी येवो, मी खुर्चीतूनच बोलतो. लोक उर्मट म्हणतात, म्हणू देत.

रविवारी नाश्ता करून बाकाच्या रिकाम्या टोकाला बसलो. समोर फोन लावून ठेवला, व्हिडिओ चालू. सुलभा स्वयंपाकघराच्या दारात. पेपर वाचत होतो... आणि मला कळलं की कोणीतरी आलंय. भीती नाही, थंडी नाही, वास नाही. फक्त कळलं. आणि आपण अजून बसून आहोत याची लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

व्हिडिओत दिसतं ते असं: मी पेपरची घडी घालतो, उठतो, दोन पावलं मागं सरतो. म्हणतो, "या, बसा." हात जोडलेले आहेत. बाकावर काहीच नाही. म्हातारी तिकडे बघतेय, पण ती पहिल्यापासूनच बघतेय.

सुलभा तेव्हा रडली. बाकाला नाही घाबरली, म्हणाली, "तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं."

त्याच दुपारी मी तन्वीच्या शेडवर गेलो. वाटेल ते बोललो. म्हटलं, तू त्यात काय घातलंयस? ती म्हणाली, "पत्रा, वेल्डिंग रॉड आणि रेड ऑक्साइड."

"म्हातारा नाही म्हणून सूड उगवतेस?"

"काका, जो मी केलाच नाही तो तुमच्याकडे येऊन कसा बसेल?"

तेच तर! मेलेल्या माणसाचं भूत असतं म्हणतात, तेही मी मानत नाही. पण जो घडवलाच नाही त्याचं कुठून येणार? तरी मला वाटलं, जागा त्याची आहे, त्याला बसवून टाकू. माणसं उठायची थांबतील, दळवी परत येतील, माझ्या लाकडी बाईवरचा आळ जाईल. म्हटलं, "कर म्हातारा. आज सुरुवात कर."

तिनं वही काढली. "माप बदलायचं असेल तर सांगा. उंची किती ठेवू?"

"माझ्या खांद्याला लागेल एवढी," मी म्हणालो. "अंगानं किरकोळ. डावा खांदा जरा उतरलेला."

तिची पेन्सिल थांबली. मग तिनं तेच जुनं चित्र समोर धरलं, जे मी पूर्वी किमतीच्या नादात धड बघितलंच नव्हतं. शेजारी मापं लिहिलेली; तिचा म्हातारा उंच होता. माझ्यापेक्षा वीतभर उंच, रुंद छातीचा, ताठ.

"हा तुमच्याकडे बसलेला नाही," ती म्हणाली. "मग तुमच्याकडे कोण बसलाय?"

मी तिच्यावर ओरडलो. चित्र बदललंस म्हणालो. ती हसली नाही, चिडलीही नाही. तिनं नवं कोरं पान उघडलं आणि विचारलं, "काका, नाक कसं आहे?"

तो माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. कोणाचा कोण, मला माहीत नाही. आणि तरी मी सांगायला लागलो.