घटाआधी घासलेला पॅन

वडूजच्या पूर्वेकडील माळावर एक धनगरवस्ती आहे. तेथे धोंडुबाई राहते. तिचे तरुणपण मेंढरांमागे गेले. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून ती पती बिराप्पा याच्यासह पाटणच्या बाजूला उतरत असे, आणि जेथे मुक्काम पडेल तेथील ओढ्याच्या वाळूने आपली भांडी घाशीत असे. घर नव्हते, अंगण नव्हते. बाईने आपले नाव राखायचे ते भांड्यांवरच, अशी तिची समजूत तेव्हापासून झाली. पुढे मेंढरे कमी झाली, वस्तीवर पक्के घर उभे राहिले आणि मांडणीवरची पितळी व स्टीलची भांडी अशी लखलखू लागली की आलेली पाहुणी आधी तिकडे बघे आणि मग पाणी मागे.

गेल्या उन्हाळ्यात बिराप्पाच्या छातीत कळ आली. सांगलीच्या दवाखान्यात त्याच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी धोंडुबाईला समोर बसवून सांगितले की औषध चुकवू नका आणि स्वयंपाकातले तेल तोडा, नाहीतर हे दुखणे पुन्हा उलटेल. बिराप्पा हा कालवणावर तेलाचा कट पाहिल्याखेरीज भाकरी न मोडणारा माणूस होता. लोखंडी तव्यात तेल कमी पडले की भाजी करपे, आणि करपलेली भाजी तो सरळ कुत्र्यापुढे ठेवी.

ही अडचण ओळखून कोरेगावला दिलेली मुलगी राणी एक सिरॅमिकचा पांढरा पॅन घेऊन आली. चमचाभर तेलात त्यावर भाजी परतता येत असे आणि काहीही चिकटत नसे.

"आये, ह्याला राख लावायची न्हाई," राणी म्हणाली. "काथ्या न्हाई, तारेची घासणी तर बिलकुल न्हाई. गॅस बारीक ठेवायचा, लाकडी उलथणं वापरायचं. आन तापल्याला लगीच पाण्याखाली धरू नगंस. निवू दे, मग मऊ फडक्यानं धू."

"भांडं हाय का बाळंतीण गं?"

"बाळंतीणच समज."

धोंडुबाईने तसे वागून दाखवले. बिराप्पा कुरकुरत का होईना, जेवू लागला. मात्र घाईच्या वेळी गॅस मोठा होई, तेल तळाशी जळून बसे, आणि हळूहळू पॅनच्या पांढऱ्या पृष्ठभागावर पिवळट थर चढला. मांडणीवर तो एकटाच मळका दिसे. धोंडुबाई त्याला पातेल्याआड ठेवू लागली.

अशात घट बसण्याचे दिवस जवळ आले. घटाआधी घरातले फडक्यापासून घागरीपर्यंत सर्व काही धुऊन काढायचे, अशी या भागातील रीत आहे. एखादे भांडे जरी घासायचे राहिले, तरी घर देवीपुढे अस्वच्छ ठरते असे बायका मानतात. धोंडुबाईही पाटी भरून कालव्यावर गेली. शेजारच्या मळ्यातील साळूबाई तेथे आधीच बसली होती.

"व्हय गं धोंडुबाय, तुज्या घरातलं भांडं आन असलं पिवळं?"

"त्याला घासायचं नसतं म्हंत्यात."

"मग देवीला काय सांगनार? ह्याला तेवढी सूट दे म्हणून?"

बायका हसल्या. धोंडुबाईने काथ्या उचलला, राखेत दाबला आणि मनगटाच्या साऱ्या बळाने पॅन घासला. तो पांढरा निघाला. तिने तो सर्वांना दिसेल असा पाटीच्या वर ठेवला व समाधानाने घरी आणला.

दुसऱ्याच दिवशी मेथी तळाला चिकटली. नवरा ताट सारील या भीतीने तिने वरून तेल सोडले.

"राणीच्या आय, आज लय दिसांनी भाजीसारखी भाजी केलीस," बिराप्पा म्हणाला. "वाढ आजून."

तिने वाढली. त्यानंतर पॅन जसजसा भाजी अधिक धरू लागला, तसतशी तेलाची धार वाढत गेली. एवढ्याने काही होत नाही, असे ती स्वतःला प्रत्येक वेळी सांगे. एका सकाळी मेंढरांकडे निघालेला बिराप्पा लिंबाखाली मध्येच बसला. त्याने हात छातीवर धरला होता.

"काय हुतंय?" ती धावत गेली.

"काय न्हाई. दम लागला जरा."

तिने लगेच राणीला फोन लावला आणि तेलाची गोष्टही लपवली नाही. राणी आली, वडिलांना वडूजच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीत काही वावगे निघाले नाही, परंतु तेलाविषयी डॉक्टर पुन्हा कडक बोलले. घरी परतल्यावर राणीने पॅन उजेडात धरला. त्यावर बारीक चरे पडले होते.

"पिवळं पडलं हुतं, तर खायच्या सोड्याचा पातळ लेप लावून ठिवायचा, आन हलक्या हातानं पुसायचं. आता ह्यो कामातनं गेला."

"पांढरा तर झाला की."

"पांढरा झाला, आये. गुळगुळीत ऱ्हायला न्हाई."

पुढच्या बाजारी धोंडुबाईने स्वतः वडूजला जाऊन दुसरा पॅन आणला. त्याच संध्याकाळी बारीक गॅसवर वांग्याचे काप परतून तिने बिराप्पाला वाढले. त्याने पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"त्याल कुठं गेलं?"

"मीच चोरून घालत हुते. आता न्हाई घालनार."

"घासायची चूक तू केलीस, आन कोरडं मी खायाचं व्हय?"

"व्हय. चूक माजी हाय. पर त्याल न्हाई."

त्याने ताट पुढे ढकलले. एरवी ती अशा वेळी उठून त्याच्या मनासारखे काहीतरी करून आणीत असे. या वेळी ती उठली नाही. तेच काप स्वतःच्या भाकरीवर घेऊन ती त्याच्यासमोर जेवू लागली. बिराप्पाने काही वेळ तिच्याकडे, काही वेळ दाराबाहेर पाहिले.

"कांदा तरी फोड," शेवटी तो म्हणाला, आणि त्याने ताट जवळ ओढले.