वकीलबाईंचं मत

आमच्या शेजारच्या वकीलबाई कुणी विचारायच्या आधीच मत द्यायच्या. कोर्टात मध्यस्थ म्हणून बसायचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्या एकदम बदलल्या. मध्यस्थानं कोण चुकलं ते सांगायचं नसतं म्हणे. चहा गोड झालाय का विचारलं, तरी "तुम्हाला काय वाटतंय?" म्हणायच्या.

परवा वरच्या काकूंच्या ओल्या चादरीचं पाणी खालच्या काकूंच्या कुरडयांवर ठिबकलं. दोघी कडाकडा भांडल्या. बाईंनी ओठ घट्ट मिटून तासभर दोघींचं ऐकलं. शेवटी कुरडया उचलल्यावरच चादर वाळत घालायची, असं त्या दोघींनीच ठरवलं.

मग बाई तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या, दार लावलं आणि ओरडल्या, "दोघीबी चुकल्यात की हो! लई चुकल्यात!"

मी घाबरून पाण्याचा तांब्या दिला. तो एका दमात संपवून त्या म्हणाल्या, "सुटले बाई!"